संपूर्ण विश्रांती

सर्टिफिकेटवर लिहिलंय, संपूर्ण विश्रांती, पंचेचाळीस दिवस.
आणि त्याच डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावता लावता म्हटलं,
चालायचं हं रोज. घरात बसून राहायचं नाही.
पहिलं वाक्य ऑफिसच्या फायलीत आहे,
दुसरं फक्त माझ्या कानात.

आज एकोणिसावा दिवस.
बाहेर पडायचं म्हणून कपाट उघडते आणि
आजारी माणसाला शोभेल असा ड्रेस शोधते.
पिवळा नको, फार टवटवीत.
राखाडी बरा, काखेत विरलेला.
केस विंचरते, मग थोडे विस्कटते.
टिकली लावू की नको, यात दहा मिनिटं जातात.

घाटल्याहून मार्केटपर्यंत एरवी बारा मिनिटं,
आता पंचवीस.
मेट्रोचे खांब मोजत, एकेकाच्या सावलीत थांबत.
दमते म्हणून थांबते,
पण थांबल्यावर आधी आजूबाजूला बघते,
मग दम घेते.

आमच्या ब्रँचमधले चार जण चेंबूरलाच राहतात.
त्यांतल्या पाटकरने गेल्या वर्षी
कावीळ झालेल्या गुंजाळला रसवंतीत बसलेलं पाहिलं होतं.
काविळीला उसाचा रस देतात, हे कुणाला ठाऊक नाही?
तरी तो रस वर्षभर
आमच्या जेवणाच्या टेबलावर सांडत राहिला.
मीही हसले होते तेव्हा,
डब्याचं झाकण पुसत.

पारू कोळीण म्हणाली, आता कशी तरतरीत दिसतेस गो!
माझ्या काळजात धस्स.
नाही गं, म्हटलं, अजून कुठे.
अर्धा किलो बोंबील घेतले.
दोन किलोंच्या वर उचलायचं नाही,
तेवढा हिशेब कॅशियरला जमतो.

आणि वळते तो समोर धुरी.
ब्रँचचा शिपाई, चेकबुकांचं पाकीट घेऊन कुठेतरी निघालेला.
हेल्मेट काढून, 'मॅडम!'
माझा हात आपोआप पोटावर गेला,
उजवीकडे, बरगडीखाली,
जिथे काहीही झालेलं नाही.
टाके पार खाली आहेत.
तिथे हात धरून धुरीपुढे कशी उभी राहणार?
चेहराही केला थोडा, कळवळल्यासारखा.
खऱ्या दुखण्याची खोटी नक्कल,
तीही चुकीच्या जागी.

'पिशवी जड आहे का मॅडम?'
क्षणभर मला कळेना, कुठली.
ती तर काढली, असं ओठांवर आलं होतं.
'द्या इकडे.'
त्याने बोंबील हँडलला अडकवले
आणि स्कूटर ढकलत, माझ्या चालीने, गेटपर्यंत आला.
वाटेत एवढंच बोलला,
तुमच्या काउंटरवर हल्ली पाटकर बसतात,
रोज शंभर-दोनशेचा फरक येतो.

तो गेला. मी तिथेच, पिशवी धरून.
सांगेल का उद्या?
आणि सांगेल तर काय?
मॅडम भेटल्या, बाजारात, बोंबील घेत होत्या.
यात खोटं काहीच नाही.
म्हणून तर भीती.

लिफ्ट बंद.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते आलं,
खालून, खरंखुरं,
दोन्ही हातांनी कठडा धरायला लावणारं.
पिशवी सुटली. पायरीवर बसले.
बोंबलांचं पाणी एकेक पायरी उतरत गेलं,
वरच्या कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या,
आणि मला अगदी मनापासून वाटलं,
आत्ता कुणीतरी जिना चढून यावं.
पाटकर आला
तरी चालेल.